‘उद्यापासून सोडतो’ : दारू आणि मेंदूतले निरोप

राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली बडोद्यात पहिल्यांदा रंगमंचावर आणलं. गडकरी तोवर हे जग सोडून गेले होते. बालगंधर्वांच्या सिंधूने पुढे कित्येक वर्षं प्रेक्षकांना रडवलं. आपल्या मंडळातल्या बहुतेकांनी हे नाटक वाचलंय, काहींनी त्यातले प्रवेशही केलेत. वाचताना एक प्रश्न हमखास पडतो. सुधाकर हुशार वकील आहे. घरी सिंधूसारखी बायको आहे, तान्हं मूल आहे. दारूने काय होतंय हे त्याला दिसतं, तो शपथही घेतो. तरीही पुन्हा प्याल्याकडे वळतो. का?

‘मनाचा कच्चा’ असं उत्तर आपल्याकडे तयार असतं. १९१९ सालीही सर्वसाधारणपणे हेच उत्तर दिलं जाई, त्यामुळे गडकऱ्यांना दोष द्यायचं कारण नाही. उलट त्यांचं निरीक्षण इतकं नेमकं आहे की आज मेंदूविज्ञान शिकवताना सुधाकर उदाहरण म्हणून वापरता येईल. पहिला प्याला कमीपणाच्या, अपमानाच्या वेळी हातात येतो. मग सवय लागते, मग शपथ, मग घसरण. या प्रत्येक पायरीवर मेंदूत काय चाललेलं असतं, हे गेल्या सत्तर वर्षांत बऱ्यापैकी उलगडलं आहे. तेच इथे सांगायचा प्रयत्न आहे. विज्ञान शाखेच्या मित्रांना काही गोष्टी माहीत असतील, त्यांनी सांभाळून घ्यावं.

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये अगदी बारीक फट असते. एका पेशीला दुसरीला काही सांगायचं असेल तर ती त्या फटीत एखादं रसायन सोडते. पलीकडच्या पेशीवर ते रसायन ओळखणारे रेणू असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. रसायन रिसेप्टरवर बसलं की पलीकडच्या पेशीला निरोप पोचतो. निरोप दोनच प्रकारचे असतात असं तूर्त धरून चालू : ‘तूही पुढे कळव’ किंवा ‘गप्प बस’. ‘पुढे कळव’ सांगणारं मुख्य रसायन ग्लुटामेट. ‘गप्प बस’ सांगणारं मुख्य रसायन गाबा, जे मेंदूत असतं हे १९५० साली कळलं. गाडीच्या भाषेत बोलायचं तर एक अ‍ॅक्सिलरेटर, एक ब्रेक. या दोघांच्या तोलावर आपलं चालणं, बोलणं, झोपणं, आठवणं सगळं उभं आहे.

आता दारू. हुर्राक असो, फेणी असो, बिअर असो की परदेशी बाटली, आतला कामाचा रेणू एकच : इथेनॉल. अवघे नऊ अणू. इतका लहान, आणि पाण्यात व चरबीत दोन्हीकडे मिसळणारा. रक्तातून मेंदूत काय शिरू द्यायचं यावर शरीराचा कडक पहारा असतो, पण हा पठ्ठ्या त्या पहाऱ्यातून सहज आत जातो. पहिल्या काही मिनिटांतच. अफू किंवा निकोटिन ठरावीक रिसेप्टरवर जाऊन बसतात. दारूचं तसं नाही. ती एकाच वेळी अनेक ठिकाणी ढवळाढवळ करते. त्यातल्या दोन जागा सगळ्यात महत्त्वाच्या. गाबाच्या रिसेप्टरवर ती ब्रेक आणखी जोरात दाबते. आणि ग्लुटामेटच्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरला ती अडवते, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढते. हे दुसरं काम १९८९ साली प्रयोगशाळेत स्पष्ट दिसलं.

म्हणजे दारू ही मेंदूला मंद करणारी वस्तू आहे. मग पिणारा सुरुवातीला एवढा खुलतो कसा? कारण कपाळामागचा जो भाग आपल्याला ‘हे बोलू नकोस, इथे नाचू नकोस’ असं सांगत असतो, तो लवकर ढिला पडतो. राखणदारालाच डुलकी लागली की घरातली पोरं धिंगाणा घालणारच. पुढे डोक्याच्या मागच्या बाजूचं अनुमस्तिष्क मंदावतं, तेव्हा चाल वाकडी होते आणि जीभ जड होते. त्याच्याही पुढे श्वास चालवणारी केंद्रं. एका दमात बाटली संपवायच्या पैजा लागतात त्यात जीव जातो तो यामुळे. पडलेल्याला ‘झोपू दे, सकाळी उठेल’ म्हणून उताणा सोडून जाऊ नये. कुशीवर वळवावं, सोबत बसावं. हाक मारून जागा होत नसेल, श्वास थांबून थांबून येत असेल तर सरळ दवाखाना.

एक गोष्ट मध्येच. रात्रीचं काहीच आठवत नाही, असं काही जण दुसऱ्या दिवशी कौतुकाने सांगतात. ही विसराळूपणाची गोष्ट नाही. आठवणी कायमच्या नोंदवण्याचं काम हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो आणि त्याला एनएमडीए रिसेप्टर लागतात. रक्तात दारू भराभर चढली की ही नोंदवहीच बंद होते. माणूस चालत असतो, बोलत असतो, कधी गाडीही चालवत असतो, पण आत काहीच लिहिलं जात नाही. त्यामुळे नंतर कितीही डोकं खाजवलं तरी ते आठवणार नाही, कारण मुळात नोंदच नाही. भांडणात कुणाला काय बोललो, कुणावर हात उगारला हे खरोखरच माहीत नसलेला माणूस सकाळी ‘मी असं केलंच नाही’ म्हणतो तेव्हा घरच्यांना तो खोटारडा वाटतो. त्याचा गुन्हा यामुळे कमी होत नाही, पण तो खोटं बोलत असेलच असं नाही.

‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ हेही आपल्याकडचं लाडकं वाक्य. हिशेब करून बघा. ५ टक्क्यांची ६५० मिलीची एक मोठी बाटली म्हणजे सुमारे २५ ग्रॅम इथेनॉल. ४२.८ टक्क्यांच्या दारूचा ६० मिलीचा मोठा पेग म्हणजे सुमारे २० ग्रॅम. बाटली पेगाला मागे टाकते. आणि उतरण्याचं म्हणाल तर ताक, लिंबूपाणी, काळी कॉफी यांनी काही उतरत नाही. यकृत आपल्या वेगाने काम करतं, रक्तातलं प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने घटतं. आपल्या कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. १५० वर गेलेल्या माणसाला तिथे यायला आठेक तास लागतात. लग्नाच्या रात्री दोनला पिणं थांबवून सकाळी सहाला पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला निघणारे आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

इथवरची गोष्ट एका रात्रीची झाली. व्यसन ही वेगळी गोष्ट, आणि तिथे डोपामिन येतं.

१९५४ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. उंदराने खटका दाबला की मेंदूच्या एका ठरावीक भागाला विजेचा हलका स्पर्श व्हायचा. उंदीर खटका दाबतच राहिले, शेकडो वेळा. मेंदूत काहीतरी ‘पुन्हा कर’ म्हणणारी वाट आहे हे त्यातून कळलं. १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र निरोप्या आहे हे दाखवलं (त्यांना २००० सालचं नोबेल मिळालं), आणि पुढे त्या वाटेवरचा मुख्य निरोप्या तोच असल्याचं स्पष्ट होत गेलं. ही वाट मेंदूच्या मध्यभागातून निघून न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स नावाच्या छोट्या भागाकडे जाते. गोड खाल्लं, कुणी शाबासकी दिली, तहानेला पाणी मिळालं की ती जागी होते. दारूही तिला जागं करते.

वर्तमानपत्रांत डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणून मोकळे होतात. ते मला पटत नाही, आणि ज्यांनी हे शोधलं त्यांनाही पटत नाही. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग पाहा. माकडाला अचानक फळांचा रस दिला तर डोपामिनच्या पेशी जोरात बोलतात. मग रसाच्या आधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी खुणेलाच बोलू लागल्या, रस मिळताना गप्प! आणि खूण दाखवून रस दिलाच नाही, तर ठरलेल्या वेळी त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला. म्हणजे डोपामिन सांगतं ते असं : अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं, अपेक्षेइतकं मिळालं, की कमी मिळालं. ते शिकवणारं रसायन आहे. कशाच्या मागे धावायचं हे ते शिकवतं.

आता हे आपल्या गल्लीत आणा. रोज संध्याकाळी सातला कामावरून सुटणारा माणूस. वाटेत बार. आतून ग्लासांचा आवाज, तळलेल्या मासळीचा वास, ओळखीची हाक. एवढ्या वर्षांत त्याच्या मेंदूने शिकून घेतलंय की या खुणांनंतर दारू येते. आता खुणाच त्या वाटेला पेटवतात. पाय वळतात, आणि विचार मागाहून येतो. दारू हा निरोप नैसर्गिक गोष्टींपेक्षा जास्त हट्टाने उमटवते, कारण साखरेची दहावी चमचा नकोशी होते तसं इथे होत नाही. रसायन स्वतःच जाऊन वाट हलवतं. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९३ साली एक भेद मांडला, जो व्यसन समजून घेताना मला सगळ्यात उपयोगी वाटतो : आवडणं वेगळं आणि हवंसं वाटणं वेगळं. सुरुवातीला दोन्ही बरोबर चालतात. व्यसनात दोघांची ताटातूट होते. दारू आता आवडतही नाही, तोंड वाकडं करूनच घोट जातो, पण हवी मात्र पूर्वीपेक्षा दुप्पट असते. ‘आवडत नाही तर पितोस कशाला?’ हा बायकोचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याच्याकडे उत्तर नाही, कारण प्रश्न आवडीला विचारलेला असतो आणि काम दुसरीच यंत्रणा करत असते.

आवडण्याच्या बाजूला शरीराची स्वतःची अफूसारखी रसायनं असतात, एंडॉर्फिन वगैरे. दारूने तीही सुटतात. नाल्ट्रेक्सोन नावाचं औषध नेमकं हेच रिसेप्टर झाकतं. १९९२ साली अमेरिकेतल्या दोन अभ्यासांत दिसलं की हे औषध घेणारे पहिला घोट घेतला तरी पूर्वीसारखे वाहवत जात नाहीत. १९९४ साली तिथे दारूच्या व्यसनासाठी त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडेही डॉक्टर ते देतात. गंमत म्हणजे, व्यसनावर गोळी असते हेच बहुतेक घरांत माहीत नसतं.

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाची, घरोघरी उपयोगी पडेल अशी गोष्ट पुढे आहे. मेंदू हा मुकाट सोसणारा अवयव नाही. रोज कुणी ब्रेक दाबून धरत असेल तर तो सामना करतो. गाबाचे रिसेप्टर बदलतात, कमी दाद देऊ लागतात. ग्लुटामेटचे एनएमडीए रिसेप्टर वाढतात. ब्रेक सैल आणि अ‍ॅक्सिलरेटर तिखट, अशी नवी गाडी तयार होते. दारू आत असेल तेव्हाच ती सरळ चालते. मग तीच मात्रा पुरेनाशी होते. ‘आमचा बाबल कितीही प्याला तरी चढत नाही’ असं मित्र अभिमानाने सांगतात. चढत नाही याचा अर्थ मेंदूने आतून एवढी बांधबंदिस्ती करून ठेवली आहे. यकृताला, आतड्यांना, हृदयाला मात्र ही सवलत नाही, त्यांना सगळी मात्रा लागते.

आणि एके दिवशी दारू एकदम बंद होते. पैसे संपतात, माणूस अपघात होऊन इस्पितळात पडतो, कुणी श्रावण पाळायचं ठरवतो, कुणी चाळीस दिवसांच्या उपवासकाळात सोडायचं म्हणतो, कुणी गळ्यात माळ घालतो. किंवा घरचे खोलीत कोंडतात : तीन दिवस मिळाली नाही की सुटेल आपोआप. दाबणारा पाय निघाला, पण आतली गाडी तशीच आहे, ब्रेक सैल आणि अ‍ॅक्सिलरेटर तिखट. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, छातीत धडधड, झोप नाही. सकाळी ग्लास उचलताना हात कापतो आणि एक घोट घेतला की थांबतो, ते याच्यामुळे. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पूर्वी कधी आली नसली तरी. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना डेलिरियम ट्रेमेन्स होतं. हे नाव १८१३ साली थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरने दिलं. ताप, भयंकर थरथर, आपण कुठे आहोत याचं भान नाही, भिंतीवर किडे आणि कोपऱ्यात माणसं दिसणं. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो.

गावात या अवस्थेला बाधा म्हणतात. देव्हाऱ्यापुढे बसवतात, अंगारा लावतात, बघ्यांची गर्दी होते. बाहेरचं काही नाही, असं घरच्यांना सांगणारं कुणी नसतं. चांगल्या हेतूने घातलेला तो कुलूपबंद दरवाजा जीवघेणा ठरू शकतो, म्हणून हा परिच्छेद मुद्दाम लांबवतोय. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने, ज्याचे हात सकाळी कापतात अशाने, एकदम सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. तिथे काही दिवस लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड यांसारखी औषधं देतात. ती गाबाच्याच रिसेप्टरवर काम करतात, म्हणजे सैल ब्रेकला तात्पुरता आधार. मग मात्रा हळूहळू कमी करत मेंदूला पूर्वपदावर यायला वेळ देतात. या गोळ्यांचंही व्यसन लागतं, त्यामुळे औषधांच्या दुकानातून आणून घरी प्रयोग करण्याची ही गोष्ट नाही.

आणखी एक. सोडली, धरली, पुन्हा सोडली असे झटके जितके जास्त, तितका पुढचा झटका अवघड होत जातो. १९७८ साली अमेरिकेतल्या बॅलेंजर आणि पोस्ट यांनी हे मांडलं. मेंदू प्रत्येक वेळी थोडा अधिक चिडखोर होतो. म्हणून ‘गेल्या वर्षी कोंडलं तेव्हा काही झालं नव्हतं’ यावर भरवसा ठेवता येत नाही.

सलाइनबरोबर बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, का टोचतात हेही सांगून टाकतो. दारूड्याचं जेवण तुटलेलं असतं आणि दारू आतड्यातून थायमिन शोषू देत नाही. ते संपलं की मेंदूचे काही भाग उपाशी मरतात. १८८१ साली कार्ल वेर्निके यांनी त्याची तातडीची अवस्था वर्णिली : नजर हलणं, तोल जाणं, गोंधळ. १८८७ पासून रशियन डॉक्टर सर्गेई कोर्साकॉफ यांनी पुढची अवस्था लिहिली, ज्यात नवी आठवण बसतच नाही आणि रुग्ण मधल्या जागा खऱ्या वाटणाऱ्या कहाण्यांनी भरतो. थायमिनचं इंजेक्शन स्वस्त असतं. आधी थायमिन आणि मग ग्लुकोज, हा क्रम पाळावा लागतो, कारण ग्लुकोज जाळताना उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं. गल्लीतल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आहे, ग्लुकोज लावा’ म्हणण्याआधी पिण्याविषयी खरं सांगावं ते यासाठी.

समजा हे चार-पाच दिवस नीट पार पडले. थरथर गेली, जेवण जाऊ लागलं, चेहऱ्यावर तेज आलं. घरचे म्हणतात, सुटला एकदाचा. आणि तीन महिन्यांनी, कुणाच्या तरी बारशाला, पुन्हा पहिला घोट. इथे सुधाकर परत येतो.

जॉर्ज कूब या शास्त्रज्ञाने व्यसनाच्या या बाजूला काळी बाजू म्हटलंय. दीर्घकाळ पिण्याने भय आणि ताण सांभाळणारी यंत्रणा, अमिग्डला आणि आजूबाजूचा परिसर, वरच्या पट्टीत लागून बसते. ताणाची रसायनं वाढतात, डोपामिनची वाट मात्र मंद होते, डी-२ नावाचे तिचे रिसेप्टर कमी आढळतात. परिणामी दारू सोडलेल्या माणसाला काही महिने कशातच रस वाटत नाही. मुलाचा वाढदिवस सपाट जातो. झोप तुटक येते. बारीकसारीक बोलणं लागतं. सुरुवातीला तो मजेसाठी पीत होता, आता ही बेचैनी घालवायला पितो. आणि बेचैनी घालवणारी एकच वस्तू मेंदूला पाठ आहे. वर कपाळामागचा जो राखणदार ‘थांब’ म्हणणार, तोच वर्षांच्या पिण्याने दुबळा झालेला. सकाळी घेतलेली शपथ खरी असते. फक्त ती ज्या भागाने घेतलेली असते, तो संध्याकाळी सातला एकटा पडतो.

मग कुणी म्हणेल, म्हणजे माणसाची जबाबदारीच नाही? असं मी म्हणत नाही. मधुमेह झाला यात रुग्णाचा दोष शोधत बसत नाही, पण गोळी घ्यायची, चालायला जायचं हे त्यालाच करावं लागतं. इथेही तसंच. फरक एवढाच की मधुमेह्याला आपण ‘तुझं आमच्यावर प्रेम असतं तर साखर वाढलीच नसती’ असं म्हणत नाही.

सगळ्यांनाच व्यसन लागत नाही हे खरं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं की धोक्यातला साधारण निम्मा वाटा आनुवंशिक आहे. एकच एक ‘दारूचं जनुक’ नाही, अनेक जनुकं थोडी थोडी हातभार लावतात. उरलेल्या निम्म्यात घर, मित्र, दुःख, आणि दारू किती सहज मिळते हे येतं. आपल्यासाठी त्यात एक गोष्ट फार जवळची आहे : वय. कपाळामागचा राखणदार भाग पुरा तयार व्हायला पंचविशीच्या आसपासचा काळ लागतो. धावायला लावणारी यंत्रणा मात्र आधीच पूर्ण जोरात असते. लहान वयात सुरू करणाऱ्यांत पुढे व्यसनाचं प्रमाण जास्त दिसतं. सेंड-ऑफ पार्टीत ज्युनियरच्या हातात जबरदस्तीने ग्लास देणाऱ्यांना समोरच्याच्या घरी काय वारसा आहे हे माहीत नसतं. त्या ज्युनियरलाही बहुधा नसतं, कारण आजोबा कशाने गेले हे घरात बोललं जात नाही.

उपचारांबद्दल बोलताना एका औषधाविषयी सावध करायला हवं. डायसल्फिराम. १९४८ साली कोपनहेगनच्या येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन यांनी ते प्रसिद्ध केलं. ते खरं तर जंतांवरचं औषध म्हणून तपासत होते, स्वतः घेऊन पाहत होते, आणि दारूचा घोट घेतल्यावर त्यांची तब्येत बिघडली. शरीर दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याची विल्हेवाट लावतं. हे औषध ती विल्हेवाट थांबवतं. विष साठतं, चेहरा लालबुंद, धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. दारूच्या इच्छेवर त्याचा काही इलाज नाही, नुसता धाक आहे. समजून, स्वतःच्या इच्छेने आणि डॉक्टरच्या नजरेखाली घेणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. पण ‘रुग्णाला न कळवता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर दिसतात, आणि काही घरांत चहातून, आमटीतून अशा पुड्या दिल्या जातात. पुडीत काय आहे हे देणारीलाही माहीत नसतं. त्यात डायसल्फिराम असेल आणि तो माणूस रात्री नेहमीसारखा प्याला, तर हृदय दुबळं असल्यास जीव जाऊ शकतो. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत त्याचा परिणाम राहतो. आई, आत्या, काकी यांच्यापैकी कुणी असं काही करत असेल तर त्यांना रागावू नका, त्या कंटाळून तिथवर आलेल्या असतात. पुडी मात्र काढून घ्या.

औषधांपलीकडे माणसं लागतात. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात १९३५ साली दोन दारूड्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झालं. आपल्याकडेही शाळांच्या आणि चर्चच्या खोल्यांत त्याच्या बैठका भरतात, नाव सांगावं लागत नाही, पैसे पडत नाहीत. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ उभं केलं, त्यासाठी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली होती. अवचटांचं या विषयावरचं लेखन आपल्या मंडळाने एकदा वाचायला घ्यावं, अशी माझी सूचना आहे. मेंदूच्या भाषेत बघितलं तर अशा ठिकाणी घडतं ते असं : खुणा बदलतात. सातची वेळ दुसऱ्या कशाने तरी भरते, ओळखीची हाक दुसरीकडून येते, आणि डोपामिनची वाट हळूहळू नवं काही शिकते. जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्याच्यावर नवं चढतं. म्हणून दहा वर्षं न प्यालेलाही ‘एकच’ घेऊन बघत नाही.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात असं आढळलं. त्यातल्या पावणेसहा कोटींच्या घरातल्या लोकांना त्याबद्दल मदतीची गरज होती. दारूवर पुरतं अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाला होता. उरलेल्या ३७ जणांच्या घरी काय चालतं ते आपल्यापैकी काहींना वाचून कळलेलं नाही, बघून कळलेलं आहे.

सोडल्यावर मेंदू किती सावरतो, हा प्रश्न मला या लेखाच्या निमित्ताने दोघा-तिघांनी विचारला. एमआरआयच्या अभ्यासांत दिसतं की पहिल्या काही आठवड्यांतच आकसलेला भाग थोडा भरू लागतो आणि पुढचे कित्येक महिने ते चालू राहतं. लक्ष लागणं, हिशेब जमणं, राग आवरणं हेही हळूहळू सुधारतं. झोप सगळ्यात शेवटी येते, काहींना वर्षही लागतं, आणि त्या न झोपलेल्या रात्रींतच पुन्हा पिण्याचा धोका जास्त असतो. हे डॉक्टरला सांगितलं तर त्यावरही उपाय असतो. सरकारची व्यसनमुक्तीची फुकट मदतवाहिनी आहे, क्रमांक १४४४६. फोन घरच्यांनी केला तरी चालतो. इस्पितळात गेलात तर पहिला प्रश्न बहुधा एकच येईल : शेवटचा घोट कधी घेतला? त्याचं उत्तर तासांत, आणि खरं, द्यायचं.